करमाफीतली कोथिंबीर

धम्मपालच्या टेम्पोत त्याची आई रोज भाडं देऊन बसायची. इंदिरानगरात जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला भाजी विकणाऱ्या सहा बायका भल्या पहाटे त्याच्या छोट्या हत्तीतून पंचवटीच्या मार्केटात जात, माल भरून परत येत, आणि उतरताना माणशी सत्तर रुपये त्याच्या हातावर ठेवत. लताबाई त्या सहाजणींतल्या एक. सुरुवातीला धम्मपालला हे फार अवघड वाटायचं. सख्ख्या आईकडून भाडं घेतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं तो कुरकुरायचा. पण लताबाईंचं म्हणणं पक्कं होतं. एक फुकट बसली की बाकीच्या पाचजणींना वाटणार, हिचं भाडं आपल्याच खिशातून जातंय. घरात मी तुझी आई, गाडीत मी गिऱ्हाईक, असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं आणि त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी उलटून थंडी पडायला लागली आणि सरकारनं जाहीर केलं की महागाईनं लोक बेजार झालेत, म्हणून पेट्रोल-डिझेलवरचा राज्याचा कर तीन महिने घेतला जाणार नाही. धम्मपालनं ही बातमी सातपूरला माल उतरवताना मोबाईलवर वाचली. गेली दोन वर्षं तेल, गॅस, घरभाडं, मुलीची फी, सगळं वरच चढत आलेलं. खाली येणारं असं काही त्याला आठवतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंपावर टाकी फुल्ल केली तेव्हा आकडा पाहून त्यानं पंपावरच्या माणसाला विचारलं, मशीन बरोबर आहे ना. तो हसला. सकाळपासून प्रत्येक जण हेच विचारत होता.

संध्याकाळी धम्मपाल घरी जिलेबी घेऊन गेला. त्याची बायको संजना पतसंस्थेत कारकून होती, हिशेबाला पक्की. तिनं जिलेबीचा पुडा उघडत विचारलं की वाचलेल्या पैशातले किती जिलेबीतच गेले. धम्मपाल म्हणाला, आजचा दिवस हिशेब नको. लहान पायलनं चार जिलेब्या खाल्ल्या. लताबाईंनी एकच खाल्ली आणि त्या विचारात पडल्या.

त्या कसला विचार करत होत्या ते सकाळी कळलं. मार्केटातून परत आल्यावर सहाजणी उतरल्या, पाट्या खाली घेतल्या, आणि पैसे काढायच्या वेळी कुणी हातच हलवेना. चंद्रभागेनं सुवर्णेकडे पाहिलं, सुवर्णेनं लताबाईंकडे. चंद्रभागा सय्यद पिंप्रीकडची, साठी गाठलेली, आणि सुवर्णा सगळ्यांत तरुण, पण तोंडानं सगळ्यांत तिखट. तरी बोलायचं लताबाईंनीच असं त्यांचं आधी ठरलेलं दिसलं.

"धम्मा," लताबाई म्हणाल्या, "डिझेल उतरलंय. आता साठ घे."

धम्मपालला वाटलं, आई गंमत करतेय. मग त्याला कळलं की नाही. त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. डिझेल चढत होतं तेव्हा त्यानं प्रत्येक वेळी भाडं वाढवलं होतं का? टायर महागले, विमा महागला, ते त्यानं मुकाट्यानं सोसलं. आता पहिल्यांदा हाताला चार पैसे लागत होते, तर तेही लगेच मागायचे?

"दोन वर्षं मी सोसलं," तो म्हणाला. "आता तीन महिने मला मिळू दे की."

लताबाईंनी सत्तर रुपये मोजून दिले. बाकीच्याही पाचजणींनी दिले. वर एवढंच सांगितलं की उद्यापासून वाट बघू नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकाच घरातून, एकाच दारातून दोघं बाहेर पडले. धम्मपालनं टेम्पो सुरू केला आणि गरम व्हायला तसाच ठेवला. लताबाई शाल गुंडाळून, रिकाम्या गोण्या काखेत मारून टेम्पोच्या पुढून चालत गेल्या आणि कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडकडे वळल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. संजना खिडकीतून दोघांकडे पाहत होती. नंतर ती म्हणायची, की यांच्यापैकी हट्टी कोण हे ओळखायला तिला त्या दिवसापर्यंत जमलं नव्हतं, आणि त्या दिवशी कळलं की पैज लावण्यात अर्थ नाही.

रिक्षानं जाणं सोपं होतं, येणं अवघड. एका रिक्षात दोन बायका आणि त्यांच्या गोण्या कशाबशा बसायच्या. पालक दबून काळा पडायचा, टोमॅटो फुटायचे, आणि भाडं सत्तरच्या वर जायचं. चंद्रभागा पहिल्याच दिवशी म्हणाली की ह्यो संप आपल्यालाच महाग पडतोय. लताबाई म्हणाल्या, पडू दे. त्या रात्रीही त्यांनी मुलाला गरम भाकरी वाढली, ताटात जास्तीचा ठेचा ठेवला, गाडी कशी चाललीय तेही विचारलं. भाड्याचा शब्द मात्र काढला नाही. धम्मपालनंही काढला नाही. संजनानं दोघांची ताटं उचलली.

असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी सावळीराम सर भाजीला आले. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही दचकून जागा व्हावा. ते रोज पेपर काखेत घेऊन यायचे आणि भाजी घेण्याआधी एक तरी बातमी वाचून दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडून लताबाईंसमोर धरला.

"लताबाई, कर जाऊन आठवडा झाला. मेथी अजून वीसलाच कशी?"

लताबाई मेथीवर पाणी शिंपडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सर, दोन वर्षं आम्ही सोसलं. हमाली वाढली, पिशव्या महाग झाल्या. आता कुठं जरा..."

आणि त्या थांबल्या. हातातलं पाणी तसंच मेथीवर गळत राहिलं. मग त्यांना हसू आलं. आधी हलकं, मग असं की त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि तरी आवरेना म्हणून त्या गोणपाटावर मागे रेलून बसल्या. शेजारून चंद्रभागा उठून आली, काय झालं, काही चावलं का म्हणून विचारायला लागली. सर गोंधळून पेपर घडी करत होते.

"काही नाही गं," लताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या तोंडातून धम्मा बोलला."

चंद्रभागेला कळायला एक क्षण लागला. मग तीही हसली. सुवर्णेनं मात्र सरांनाच गाठलं आणि विचारलं की तुमच्या घरी पेट्रोलचे पैसे वाचले त्याचं काय केलं. सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्यांची स्कूटर जेमतेम भाजीपुरती निघायची. पण मुलगा आधी मित्राच्या गाडीतून ऑफिसला जायचा, तो आता आपली मोठी गाडी एकटाच घेऊन जायला लागला होता. म्हणजे वाचलं असं काही नव्हतंच, उलट जास्त जाळलं. सर म्हणाले, "आमच्याकडे करमाफी रस्त्यावरच संपली म्हणायची." त्यांनी दोन जुड्या मेथी वीसच्याच भावानं घेतल्या आणि त्या दिवशी दुसरी बातमी वाचली नाही.

त्याच दिवशी दुपारी धम्मपालची गाठ कारभारीशी पडली. कारभारी पायलची शाळेची व्हॅन चालवायचा, विंचूरकडचा माणूस, घरची थोडी शेती भावावर सोपवून शहरात आलेला. महिन्याचे पैसे द्यायची वेळ होती. धम्मपालनं पैसे पुढे केले आणि सहज म्हणाला की कारभारीभाऊ, आता कर गेलाय, तर शंभर-दोनशे कमी करा की. कारभारीनं व्हॅनच्या दाराला टेकून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, दोन वर्षं मी बी सोसलंच ना. तुम्हाला तर ठाऊक हाय, तुमची बी गाडीच हाय."

धम्मपालनं ठरलेले पैसे दिले.

रात्री जेवायला बसले तेव्हा दोघंही वेगळेच वागत होते. लताबाई मधूनच स्वतःशी हसत होत्या. धम्मपाल भाकरीचा एकच तुकडा बराच वेळ आमटीत बुडवत बसला होता. पायलनं विचारलं की व्हॅनवाल्या काकांशी बाबा भांडले का, कारण काका आज गप्पा न मारता घरी येईपर्यंत नुसती शिट्टी वाजवत होते. संजनानं भुवई उंचावली. मग धम्मपालला सगळं सांगावं लागलं, आणि तो कारभारीचं वाक्य सांगतोय तोच लताबाईंना पुन्हा हसण्याची उबळ आली. त्यांनी सकाळची मेथीची गोष्ट सांगितली. संजना इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पायलनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. धम्मपालही हसला, पण त्याचं हसू लवकर विझलं.

"आई," तो म्हणाला, "तुला एक सांगितलं नाही. अंबडच्या ज्या कारखान्याचा माल मी नेतो ना, त्या मालकानं कर गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझं भाडं कापलं. मला विचारलंसुद्धा नाही, मेसेज आला. जे वाचणार होतं त्यातलं बरंचसं तिथंच गेलं."

लताबाईंचं हसणं थांबलं. "मग त्याला का नाही बोललास?"

"त्याला काय बोलणार? त्याच्याकडे दुसरे दहा टेम्पो उभे असतात." तो ताटाकडे बघत होता. "त्यानं नुसतं सांगितलं. तू विचारलंस. म्हणून तुला नाही म्हणता आलं."

लताबाईंनी हात पुढे करून त्याच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. त्यांच्या मनात आलं, की आपण सहाजणींनी मिळून या पोराला संप दाखवला, आणि तो बिचारा आधीच मार खाऊन आला होता. पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की मग आपल्यात भांडण नक्की कशाचं चाललंय, ते तरी कुणी सांगा.

ते संजनानं सांगितलं. सकाळच्या मार्केटच्या फेरीला जेवढं डिझेल लागतं त्यावर वाचणार वीस-बावीस रुपये. ते सहा बायकांत वाटले तर एकीच्या वाट्याला अर्धा कप चहा. आणि तो अर्धा कप चहा तिच्या शंभर जुड्यांवर पसरला तर जुडीमागे येतात तीन-चार पैसे.

"म्हणजे तुम्ही दोघांनी कितीही मन मोठं केलं," ती म्हणाली, "तरी सावळीराम सरांना चार पैसे परत द्यायचे कसे? तेवढं नाणंच चालत नाही."

सरकारनं एवढा कर सोडला, पेपरात मोठ्या अक्षरात आलं, आणि मेथीच्या जुडीपर्यंत येता येता त्याचा असा भुगा झाला होता की चिमटीत धरता येऊ नये. ज्यांची टाकी मोठी त्यांना मोठा घास मिळाला होता. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांना विचारलं तर करमाफी म्हणजे टीव्हीवर ऐकलेला शब्द.

लताबाई बराच वेळ बोटानं ताटात रेघा ओढत होत्या. मग म्हणाल्या, "चार पैसे देता येत नाहीत. चार काड्या देता येतात."

त्यांना म्हणायचं होतं ते कोथिंबिरीबद्दल. पूर्वी भाजी घेतली की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून चार काड्या कोथिंबीर आणि दोन हिरव्या मिरच्या टाकायची रीत होती. त्याचे पैसे कुणी मागत नसे, कुणी देत नसे. महागाई वाढली तशी आधी मिरच्या बंद झाल्या, मग कोथिंबीर. बायकांना ते टोचायचं. गिऱ्हाईक पैसे देऊन क्षणभर पिशवी उघडी धरून उभं राहायचं, मग काही पडत नाही हे लक्षात आल्यावर पिशवी मिटायचं. लताबाई त्या क्षणी दुसरीकडे बघायच्या.

आता थंडीचे दिवस होते. मार्केटात कोथिंबिरीचा भाव उतरलेला होता. फेरीमागे डिझेलचे जेवढे पैसे वाचतात तेवढ्याची कोथिंबीर रोज धम्मपालनं घ्यायची आणि सहाजणींत वाटायची. भाडं सत्तरच. धम्मपालला हे इतकं पटलं की तो म्हणाला, मिरच्या माझ्याकडून.

सुवर्णेनं सकाळी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पाच दिवस रिक्षात हाडं खिळखिळी करून घेतली ती काय कोथिंबिरीसाठी, असं तिनं विचारलं. पण चंद्रभागा आधीच टेम्पोत चढून बसली होती. "ये वर," ती म्हणाली, "लय झालं. माझ्या पालकाला तरी दया दाखव." सुवर्णा चढली.

पहिली कोथिंबीर मिळाली ती समोरच्या इमारतीतल्या वैष्णवीला. तिनं वांगी घेतली, पैसे दिले आणि वळली. लताबाईंनी तिला थांबवून पिशवीत हिरवीगार मूठ टाकली. वैष्णवीनं विचारलं, याचे किती. लताबाई म्हणाल्या, याचे काही नाही. वैष्णवी चार पावलं गेली, थांबली, पिशवीत डोकावली आणि परत आली. म्हणाली, मावशी, माझी आई मला लहानपणी खास यासाठी भाजीला बरोबर न्यायची, मी पिशवी धरायचे. मग काही कारण नसताना तिनं अर्धा किलो गाजरंही घेतली.

आठ-दहा दिवसांत ही गोष्ट इमारतींमध्ये पसरली. मोबाईलवर बोट दाबून दहा मिनिटांत भाजी मागवणाऱ्या बायका चपला घालून खाली उतरायला लागल्या. काही नुसत्या कोथिंबिरीसाठी येत असतील, पण आल्या म्हणजे थांबत, थांबल्या म्हणजे बोलत, आणि बोलता बोलता वाटाणे उचलत. भाजी स्वस्त झाली नव्हती. सावळीराम सरांनी तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं. तरी ते पिशवी उघडी धरून उभे राहायचे आणि कोथिंबीर पडली की वर्गात बरोबर उत्तर आल्यासारखी मान हलवायचे. धम्मपाल अंबडच्या फेऱ्या कमी करून इमारतींतल्या लोकांचं किरकोळ सामान न्यायला लागला. ते लोक मेसेज पाठवून भाडं कापत नव्हते, चहा घेऊन जा म्हणायचे.

जानेवारी संपत आला तसा कर परत लागू व्हायचा दिवस जवळ आला. सहाजणींत यावर चर्चा झाली. कर परतला की धम्मपालकडून कोथिंबीर बंद, हे ठरलेलं होतं. मग आपण चालू ठेवायची का? चंद्रभागा नाही म्हणाली, उन्हाळ्यात तिचा भाव काय होतो ते मी पाहिलंय. सुवर्णा, जी सगळ्यांत आधी नाराज होती, ती हो म्हणाली. शेवटी जिला जमेल तिनं जमेल तेव्हा द्यावी, असं ठरलं. म्हणजे खरं तर काहीच ठरलं नाही.

शेवटच्या दिवशी एक घोटाळा झाला. सकाळी मार्केटात वाटाणा आणि मेथी धो धो आलेली. भाव इतके पडले की बायकांना मोह आवरला नाही आणि त्यांनी दुप्पट माल भरला. पण पडलेला भाव सगळीकडेच पडला होता. रस्तोरस्ती वाटाण्याचे ढीग लागले. संध्याकाळ व्हायला आली तरी अर्ध्याहून जास्त माल तसाच, आणि मेथी माना टाकायला लागली. धम्मपाल टेम्पो घेऊन आला. त्याला मध्यरात्रीपासून भाव वाढायच्या आत टाकी भरून घ्यायची होती. तो म्हणाला, माल चढवा, पंपावरून जाऊ आणि मग सगळ्यांना घरी सोडतो.

पाथर्डी फाट्याकडे वळले आणि टेम्पो थांबला. पंप अजून दिसतही नव्हता, पण रांग दिसत होती. मोटारी, स्कूटर, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, सगळं नाशिक शेवटची स्वस्त टाकी भरायला निघालं होतं. कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणी फोनवर घरी सांगत होतं की उशीर होईल. थंडी बोचायला लागली होती. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती.

मागच्या बाजूला लताबाई मेथीच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. एवढी माणसं, सगळी भुकेली, सगळी कामावरून घरी निघालेली, आणि कुणालाच कुठं जाता येत नाही. त्यांनी सुवर्णेच्या दंडाला हात लावला. सुवर्णेला सांगावं लागलं नाही. तिनं टेम्पोचा मागचा फळका पाडला आणि वाटाण्याची पाटी डोक्यावर घेऊन खाली उडी मारली.

पाहता पाहता सहाजणी रांगेत पांगल्या. मोटारींच्या काचा खाली यायला लागल्या. एका मोठ्या गाडीतल्या बाईनं दोन किलो वाटाणे घेतले आणि बसल्याजागी सोलायला सुरुवात केली. मागच्या गाडीतल्या दोन मुलींनी ते पाहून आपल्या वडिलांना घ्यायला लावले. एक रिक्षावाला मेथीच्या पाच जुड्या घेऊन म्हणाला की बायको आता उशिराबद्दल काही बोलणार नाही. चंद्रभागेला पळायला जमत नव्हतं, म्हणून ती टेम्पोपाशीच उभी राहून मोजून द्यायची आणि धम्मपाल रांगेत गाडी सरकवता सरकवता सुट्टे पैसे सांभाळायचा.

थोडं पुढे सावळीराम सर स्कूटरवर बसलेले सापडले. मफलर कानावर गुंडाळलेला, चेहरा त्रासलेला. लताबाईंना पाटी घेऊन येताना पाहून ते आधी चकित झाले. मग त्यांनी स्कूटर रांगेतून बाहेर काढून कडेला लावली.

"वाटाणा कितीला दिलाय?" त्यांनी विचारलं. लताबाईंनी सांगितलं.

सरांनी मफलर खाली ओढला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि भाव पुकारला. चाळीस वर्षांत वर्गात कमावलेला आवाज तो, रांगेच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचला. हॉर्न थांबले. लोक गाड्यांतून उतरून पाहायला लागले. त्यातल्या एका पोलादी रंगाच्या गाडीतून टाय लावलेला गृहस्थ उतरला आणि संकोचून म्हणाला, "सर, मी दहावी ब." सरांनी त्याला तिथल्या तिथं तीन किलो घ्यायला लावले.

टेम्पो पंपाच्या फाटकाशी पोचला तेव्हा मागे फक्त रिकाम्या गोण्या आणि थोडा पाला उरला होता. आणि नेमकं तेव्हाच पंपावरच्या माणसानं साखळी ओढून पुठ्ठा लटकवला. पेट्रोल, डिझेल, दोन्ही संपलं होतं. मागच्या गाड्यांतून एकच गलका उठला. धम्मपाल स्टिअरिंगवर हात ठेवून त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं शेजारी पाहिलं. आईच्या ओटीतला पदर पैशांनी फुगून खाली आला होता आणि तिचा चेहरा थंडीनं आणि पळापळीनं लालबुंद झाला होता.

"टाकी राहिली की रे तुझी," लताबाई म्हणाल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या भरू. रांग तरी नसेल."

घरापर्यंत पुरेल एवढं डिझेल होतं. सरांच्या स्कूटरमध्ये मात्र थेंब नव्हता. ती आधीच आचके देत होती, म्हणून तर ते रांगेत आले होते, आणि जागा तर त्यांनी वाटाण्यापायी सोडून दिलेली. ते म्हणाले, मी ढकलत जाईन, तुम्ही निघा. सुवर्णेनं ते ऐकूनही घेतलं नाही. तिनं आणि लताबाईंनी पुढचं चाक धरलं, दोघीजणींनी मागचं, आणि एक, दोन म्हणत स्कूटर उचलून टेम्पोत घातली. मग सरांनाही हात देऊन वर घेतलं. ते एका उलट्या पाटीवर बसले, एका हातानं स्कूटर धरून, सहा बायकांच्या मधोमध.

इंदिरानगरात सरांच्या इमारतीखाली टेम्पो थांबला. त्यांच्या बायकोनं गॅलरीतून खाली पाहिलं, तर आपला नवरा भाजीवाल्या बायकांच्या गराड्यात मोठमोठ्यानं हसतोय आणि त्याची स्कूटर आडवी खाली उतरवली जातेय. अपघात झाला की काय, तिनं घाबरून वरूनच विचारलं.

"अगं नाही," सर खालून म्हणाले. "धंदा झाला. चहा टाक, नऊ कप."